रुळावरची नावं

माजी विद्यार्थी होणं आपल्या हातात नसतं. एकदा विद्यार्थी झालं की पुढचं वयोमानानुसार आपोआप होतं. माजी विद्यार्थी मंडळाचा चिटणीस होणं मात्र टाळता येतं. मी ते टाळलं नाही, आणि म्हणून सन एकसष्टच्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत सेक्टर सहामध्ये माझ्या अब्रूचे जे धिंडवडे निघाले ते निघाले.

आमचं बेथेल कॉलेज सातपुड्याच्या पायथ्याशी, देवखेडा नावाच्या गावात. लूथरन मिशनचं. चार वर्ग, एक प्रार्थनामंदिर, एक चिंचेचं झाड, बस्स. तिथं इतिहास, तर्कशास्त्र, गायन, बायबल आणि सुतारकाम हे सगळं एकाच मुलाला शिकवायचे, म्हणजे माणूस सर्व बाजूंनी घडतो म्हणे. मी सर्व बाजूंनी घडलो आणि भिलाईच्या कारखान्यात हजेरीबाबू झालो. कॉलेजचा सगळ्यात मोठा सण एकतीस ऑक्टोबरचा. त्या दिवशी लूथर साहेबांनी चर्चच्या दारावर खिळा मारून एक कागद लावला आणि साऱ्या युरोपात उलथापालथ झाली, असं आम्हाला दरवर्षी सांगत. ते मला तेव्हा फारसं पटत नसे. पुढे कंपनीच्या क्वार्टरच्या दाराला मी कॅलेंडरसाठी खिळा मारला आणि तिसऱ्या दिवशी नोटीस आली, तेव्हा पटलं.

तर जुलै महिन्यात प्राचार्य एकमन साहेबांचं पत्र आलं. साहेब स्वीडनचे, पण तीस वर्षं देवखेड्यात काढल्यामुळे त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. पत्रात लिहिलं होतं की कॉलेजच्या घंटेला तडा गेला आहे. वाजवली की फुटक्या घमेल्यासारखा आवाज येतो. "आपण मंडळी आता पोलादाच्या गावी आहात. रुळाचा एखादा तुकडा मिळाल्यास तो घंटा म्हणून टांगता येईल. भिलाईच्या सर्व माजी विद्यार्थ्यांनी मिळून द्यावा, ज्याला जे जमेल ते. एकतीस ऑक्टोबरला मी निवृत्त होऊन मायदेशी परत जाईन. नव्या घंटेचा नाद ऐकून जाण्याची इच्छा आहे."

मी त्याच दिवशी कार्ड टाकलं: 'घंटा निश्चित समजावी. आपला आज्ञाधारक, देवराव गोतमारे, चिटणीस, भिलाई शाखा.' भिलाईला शाखा नव्हती. ती मी कार्डावर सही करताना स्थापन केली.

"इचारलं का कोनाले?" आमची शेवंता म्हणाली.

"त्यात विचारायचं काय? कारखाना रूळ काढून राहिला. मैलभर रूळ निघतात, हातभर तुकड्याचं काय!"

"तुमाले मांगल्या वर्षी कारखान्यातून साधा पाट कराले लाकडाची फळी नाई आनता आली. आता लोखंड आनता." शेवंताला कॉलेजशिक्षण नसल्यामुळे ती असं थेट बोलते.

शेजारचे शामराव क्रेन चालवायचे. त्यांनी देवखेडा पाहिलं नव्हतं, पण सल्ला द्यायला पाहावं लागत नाही. ते म्हणाले, "देवराव, पयले कमिटी बनवा. कमिटी असली म्हनजे आपल्यावर काई येत नाई." मी कमिटी बनवली. कमिटीनं पहिल्याच बैठकीत ठरवलं की सर्व कामं चिटणीसानं करावीत.

मी भंगाराच्या खात्यात गेलो. तिथल्या बाबूंनी अर्ज वाचून चष्मा वर केला. "बेचना है तो वॅगन से कम नहीं बिकता. आपको कितना चाहिए?"

"हातभर."

"हाथभर!" त्यांनी शेजारच्या बाबूंना बोलावून मला दाखवलं. मी म्हटलं, विकत नको, दान द्या, शिक्षणसंस्था आहे. "दान का तो कोई हेड ही नहीं है, भाईसाहब." हेड नाही म्हणजे कारखान्याला दान करताच येत नाही; इच्छा असली तरी ती कुठल्या खात्यात टाकायची? चार वेळा चकरा मारल्यावर बाबूंनाच माझी दया आली. रुळाचा तुकडा 'नमुना' म्हणून शिक्षणसंस्थेला अभ्यासासाठी जाऊ शकतो, असं एक कलम त्यांनी शोधून दिलं. अट एकच. संस्थेनं नमुन्याची चाचणी करून अहवाल पाठवायचा. मी कबूल झालो. दर तासाला चाचणी होईल, असं लेखी दिलं.

इथवर सगळं हातभर होतं. ते वाढलं वर्गणीमुळे.

वर्गणी मागायला मी सायकलवर निघालो. सेक्टर सहा, खुर्सीपार, पार रिसालीच्या वाटेवरची क्वार्टरं, जिथं जिथं बेथेलचा पोरगा नोकरीला होता तिथं तिथं गेलो. चहा सगळ्यांनी दिला. घंटेच्या आठवणी सगळ्यांनी सांगितल्या. आणि पैसे काढायची वेळ आली की प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला.

"नाव लागन ना जी?"

आता हे आमच्याकडे नवीन नाही. लग्नात कुणी आहेर केला तर तो लाउडस्पीकरवरून पुकारावा लागतो, आणि भांडं दिलं तर त्यावर नाव कोरलेलं लागतं. नाव नसलेलं भांडं दिलं तर ते घेणाऱ्याला चोरीचं वाटतं आणि देणाऱ्याला गेल्यासारखं वाटतं. आमच्या स्वयंपाकघरात नाव नसलेली वाटी सापडायची नाही. मी रोज माझ्या मामेसासऱ्यांच्या नावावर वरण ओतून घेतो आणि भाकरीनं पुसून ते वाचतो. तेव्हा नाव लागणारच, असं मी म्हणून गेलो. कॉलेजात रविवारी काठीला बांधलेली मखमलीची पिशवी फिरायची, तिच्यात कोण काय टाकतो हे कुणालाच दिसू नये म्हणून, हे मला आठवलं. पण ते स्वीडनकडचं. त्यांच्याकडे थंडी असते, माणसं हात झाकूनच ठेवतात.

दुर्गच्या लाइनवर गार्ड असलेले भाऊराव वरोकर आमच्यात सगळ्यात वजनदार माजी विद्यार्थी. ते म्हणाले, "नुसतं नाव कावून? 'गार्ड' लिहा समोर. अन् वडिलांचं नाव आलंच पाह्यजे. फी त्यायनं भरली होती." भाऊरावांच्या वडिलांचं नाव घेतलं म्हटल्यावर सगळ्यांचे वडील आले. सायकलवाल्या कावळेंनी आपल्या दुकानाचं नाव घालायला सांगितलं. एकानं मुलगा होणार आहे, त्याच्यासाठी जागा सोडा म्हणून सांगितलं, आणि मुलगी झाली तर रिकामीच राहू द्या म्हणाला. त्याच्या बायकोनं आतून भांडं आपटलं, तेव्हा म्हणाला, बरं, मुलीचंही घाला.

हातभर तुकड्यात हे मावणं शक्य नव्हतं. मी पुन्हा बाबूंकडे गेलो आणि नमुना दोन हात पाहिजे म्हणालो. "क्यों? अभ्यास बढ़ गया?" बाबू म्हणाले. मी मान हलवली.

दोन हात लांबीचा रूळ खुर्सीपारच्या चौकात बैलगाडीतून उतरवला तेव्हा बघायला गर्दी जमली. भांड्यांवर नावं कोरणारा धोंडबा आपली छिन्नी घेऊन आला होता. त्यानं 'श्री' काढायला पहिला ठोका मारला आणि छिन्नीचं टोक कुठं उडालं ते पुन्हा सापडलं नाही. धोंडबा रुळाकडे बघत राहिला. "बाबूजी, हे गंज-भांडं नोय," एवढंच तो म्हणाला आणि नव्या छिन्नीचे पैसे घेऊन गेला.

मग चंपत वेल्डर आला. चंपत वेल्डिंगच्या कांडीनं लोखंडावर लोखंडाचीच अक्षरं काढायचा. सुबक काढायचा, पण एकेक अक्षर बोटाएवढं जाड. त्यात रुळाच्या एका बाजूला कारखान्याची छाप उठलेली, म्हणजे नावांसाठी एकच बाजू उरली. दोन हात पुन्हा कमी पडले. तिसऱ्यांदा बाबूंकडे जायची माझी छाती झाली नाही. मी वडिलांना आद्याक्षरांवर आणलं, दुकान काढून टाकलं आणि त्यापायी कावळे माझ्याशी आजही बोलत नाहीत. सायकल पंक्चर झाली तर मी दुर्गला ढकलत नेतो.

खरी लढाई पुढे झाली. चंपतनं सहज विचारलं, "टोल कोठी मारतीन जी?"

रूळ वरच्या भोकातून टांगायचा म्हणजे टोल खालच्या टोकावर पडणार. हे कमिटीच्या आता लक्षात आलं. मग भाऊराव म्हणाले, "म्हनजे खाली ज्याचं नाव आलं, त्याच्या बापावर रोज हातोडा?"

त्यानंतर खालची जागा घ्यायला कुणी तयार होईना. वरच्या जागेसाठी मात्र दोघांनी वर्गणी दुप्पट केली. शामराव, ज्यांचा या कॉलेजशी काही संबंध नव्हता, त्यांनी चिठ्ठ्या टाकायचा सल्ला दिला. चिठ्ठ्या टाकल्या, आणि ज्याची खालची निघाली तो आपली वर्गणी परत मागायला लागला. शेवटी मी उभा राहिलो आणि म्हणालो, खालची जागा माझी. टाळ्या पडल्या. त्यागाला टाळ्या पडतात, हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर मला ती जागा चांगली वाटत होती. खाली भरपूर रिकामी जागा होती, आणि तिथं 'देवराव महादेवराव गोतमारे, बी. ए., चिटणीस' असं ऐसपैस येत होतं. मी ते कागदावर काढून पाहिलं होतं. बरेचदा पाहिलं होतं.

चंपत वरून नावं काढत खाली आला. माझं नाव उद्या, असं म्हणून त्यानं चष्मा काढला. त्याच संध्याकाळी भीमाबाई आली.

आनंदराव मेश्राम माझ्या मागच्या वर्गात होता. कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर लागला होता, आणि गेल्या वर्षी विषमज्वरानं गेला. मी त्याच्या घरी वर्गणीला गेलो नव्हतो. कोणत्या तोंडानं जाणार? त्याची बायको भीमाबाई पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली, जयभीम केला आणि पदराच्या गाठीतून पैसे काढून माझ्यासमोर धरले.

"भाऊजी, आमच्या यायचं नाव घाला. हे नेहमी म्हनत, पगार वाढला का कॉलेजले काई तरी देईन. मी परवा क्वार्टर सोडून मायच्या घरी चालली. दारावरची पाटी आजच काढून नेली. आता यायचं नाव कोठीच नाई."

मी शेवंताकडे बघितलं. शेवंता माझ्याकडे बघतच होती. बायकांनी असं बघायला नको.

"वहिनी," मी म्हणालो, "जागा... जागा एकच आहे. अगदी खाली. तिथं टोल पडतो. हातोडा. दिवसभर."

भीमाबाईनं थोडा विचार केला. "पडू द्या ना जी. तासातासाले कोनी यायले हाक मारल्यावानी होईन."

मी उठून आत गेलो आणि माठातलं पाणी प्यालो. तहान नव्हती. मला स्वतःचा राग आला होता आणि माझ्या नावाची कीवही येत होती, दोन्ही एकदम. दुसऱ्या दिवशी चंपतला कागद दिला. त्यावर 'आनंदराव' होतं. चंपतनं विचारलं, "अन् तुमचं?" मी म्हणालो, चिटणीसाचं नाव लावायची पद्धत नाही.

देवखेड्याला निघायची वेळ आली तेव्हा वरच्या जागांसाठी भांडलेल्या सगळ्यांच्या घरी काही ना काही निघालं. कुणाला रजा नाही, कुणाची म्हैस विणार. मी, भाऊराव, आणि घंटा बघून त्याच वाटेनं पुढे माहेरी जाणारी भीमाबाई पोरीसह, असे निघालो. रूळ उघडा न्यायचा नाही, असं भाऊरावांचं ठाम मत. तीस वर्षांची रेल्वेची नोकरी, त्यांना माहीत. आम्ही तो शेवंताच्या गादीत गुंडाळून सुतळीनं बांधला.

गाडी बदलायच्या स्टेशनवर पहाटेच्या काळोखात दोन हमालांनी गादी उचलायला हात घातला आणि दोघेही खाली बसले. एवढी जड गादी बघून पोलीस जमादार आला. सुतळी सोडली. आत रूळ.

रेल्वेच्या फलाटावर रूळ घेऊन बसलेला माणूस काय सांगणार? मी नमुन्याचा पास दाखवला. जमादार म्हणाला, नमुना गादीत कशाला? मी भाऊरावांकडे बघितलं. तीस वर्षांची रेल्वेची नोकरी असलेले भाऊराव फलाटाच्या दुसऱ्या टोकाला चहा पीत होते आणि आमची ओळख नव्हती. मला ठाण्यात नेणार, उद्या एकतीस तारीख, साहेब घंटेशिवाय जाणार, असं सगळं डोळ्यांपुढे आलं.

जमादारानं बॅटरी लावून रुळावरची नावं वाचायला सुरुवात केली. "भाऊराव ल. वरोकर, गार्ड. हे कोण?"

"ते तिकडे चहा पिताहेत," मी म्हणालो. माझा नाइलाज होता.

जमादारानं सगळी नावं वाचली, वडिलांच्या आद्याक्षरांसकट. मग बॅटरी बंद केली. "माझी एवढी नोकरी झाली," तो म्हणाला, "चोरीच्या मालावर बापासकट नाव लिहिणारा चोर मी पाहिला नाही. बांधा गादी."

देवखेड्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. एकमन साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. रूळ बघून ते लहान मुलासारखे खूश झाले. उद्या सकाळी टांगून ठेवतो, तुम्ही आता विश्रांती घ्या, असं म्हणाले. माझी पाठ मोडली होती, मी आनंदानं विश्रांती घेतली.

सकाळी सगळं कॉलेज प्रार्थनामंदिराच्या व्हरांड्यापुढे जमलं. माझ्या खिशात भाषण होतं. व्हरांड्याच्या भिंतीलगत, आकड्याला रूळ टांगलेला. कारखान्याची छाप पुढे, आणि नावं भिंतीकडे.

भाऊराव माझ्या कानात म्हणाले, "उलटं टांगलं ना बे!"

मी साहेबांजवळ जाऊन हळूच सांगितलं. साहेब हसले. "नाही, देवराव. मुद्दाम तसा टांगला. या संस्थेत देणाऱ्याचे नाव भिंतीकडे असते. त्या बाकांच्या खाली बघा, त्या दिव्याच्या बुडाशी बघा. देणाऱ्याचे नाव देवाला ठाऊक असते, तेवढे पुरे." मला आठवलं, चार वर्षं मी त्या बाकांवर बसलो होतो आणि एकदाही खाली वाकून पाहिलं नव्हतं. आता काय बोलणार? तीस वर्षांचा नियम, आणि त्यांचा शेवटचा दिवस.

भीमाबाई मागे बायकांत बसली होती. ती पोरीला घेऊन उठली, सरळ रुळाशी आली, एका बाजूनं वाकून बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. फटीतून काही दिसत नव्हतं. मग ती साहेबांना म्हणाली, "साहेब, आमच्या यायचं नाव कोन्या बाजूनं हाय?"

साहेबांनी तिलाही तेच शांतपणे सांगितलं. देवाला ठाऊक असते.

"देवाचं मले काई माहीत नाई, साहेब," भीमाबाई म्हणाली. "पन पोरीले कसं कळन?"

साहेबांनी पोरीकडे बघितलं. पोरगी त्यांच्या दाढीकडे बघत होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला आणि कोट काढून खुर्चीवर टाकला.

"देवराव," ते म्हणाले, "त्या बाजूने उचला."

सत्तरीचे साहेब आणि पाठ मोडलेला चिटणीस, असे आम्ही दोघांनी तो रूळ आकड्यावरून काढला, फिरवला आणि परत चढवला. माझ्या कमरेत काहीतरी कट् झालं ते आजही थंडीत जाणवतं. भीमाबाईनं खाली बसून पोरीचं बोट एकेका अक्षरावरून फिरवलं. अक्षरं जाड होती, बोटाला लागत होती. चंपतचे मी मनातल्या मनात आभार मानले.

साहेबांनी पुन्हा चष्मा लावून वरपासून नावं वाचली. "यात तुमचे नाव कुठे आहे?"

"जागा उरली नाही, साहेब."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग हातोडा भीमाबाईच्या हातात दिला.

तिनं आधी भीत भीत मारला, नुसतं टुक् झालं. मग पदर खोचून मारला. तो आवाज चिंचेच्या झाडावरून पार गावापर्यंत गेला असावा, कारण झाडावरचे सगळे बगळे उडाले. आणि त्याच क्षणी, घंटा झाली म्हणजे तास सुटला या शिस्तीत वाढलेली कॉलेजची सगळी पोरं उठली आणि बाहेर पळाली. प्राध्यापकही गेले. माझं भाषण खिशात, समोर रिकामी सतरंजी, आणि तिच्यावर एकटे भाऊराव.

भीमाबाई रुळावर हात ठेवून उभी होती. त्याचं थरथरणं पुरतं थांबल्यावर तिनं हात काढला.

"भाऊजी, आनखी एकडाव वाजवू का?"

"वाजवा ना," मी म्हणालो.

तिनं वाजवली. मधली सुट्टी संपली असं समजून सगळी पोरं धावत परत आली आणि सतरंजीवर ओळीनं बसली. साहेबांनी मला पुढे व्हायची खूण केली. मी भाषणाचा कागद काढला, बघितला, परत खिशात ठेवला, आणि रुळावरची नावं वरपासून खाली आनंदरावापर्यंत वाचून दाखवली.